नानांची भाजी, गॅसशिवाय: इलेक्ट्रिक हॉट पॉटच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

नाना नाशिकला पंचवटीत हिरावाडीला एकटे राहतात. वय ७८. मी इंदिरानगरला. पोळ्या शेजारच्या मावशी करून देतात, वरणभात नाना स्वतः छोट्या राइस कुकरमध्ये लावतात. अडतं ते भाजीपाशी. उन्हाळ्यात गॅस चालू राहून गेला, कढई जळाली, घरभर धूर झाला आणि शेजाऱ्यांनी दार वाजवलं म्हणून निभावलं. तेव्हापासून सिलिंडर काढून टाकला आहे.

डबा लावून पाहिला. तेल आणि तिखट इतकं की नानांचं बीपी वर. शिवाय त्यांचं म्हणणं सरळ आहे: "भाजी चिरणं, निवडणं, शिजवणं, त्यात माझी सकाळ जाते. ती काढून घेऊ नका." हे मला पटलं. त्यामुळे आता जे काही करायचं ते भाजी त्यांच्या हातात ठेवूनच.

इंडक्शनचा विचार सोडला. नानांची भांडी ॲल्युमिनियमची आणि पितळेची, ती त्यावर तापत नाहीत. आणि काचेवरची बटणं त्यांच्या कोरड्या बोटांना दाद देत नाहीत. फिरवायचं एकच बटण असलेली वस्तू हवी होती. रविवार कारंजाजवळच्या दुकानातून विजेवर तापणारं दीड लिटरचं स्टीलचं पॉट घेतलं, ६०० वॅट, वर काचेचं झाकण, आत वाफवायची जाळी. ₹१,१५०.

ज्यांच्या घरी असंच कुणी एकटं वयस्कर माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. माझ्या अटी अशा: भाजी कवळीने चावेल इतकी मऊ व्हावी, पॉट एका हाताने उचलता यावं, आणि नाना पेपर घेऊन गॅलरीत बसले व विसरले तरी काही जळू नये.

१८ जून, बुधवार

बुधवारच्या बाजारातून बटाटे, दुधी, गिलके, गवार आणली. पहिल्याच दिवशी बटाट्याच्या काचऱ्या करायला घेतल्या आणि काम तिथेच थांबलं. पॉट चालू असताना नानांनी स्टीलच्या कडेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "मुंग्या आल्या गं." मी उलट्या बोटाने हलकंच टेकवून पाहिलं. खरंच झिणझिण्या येत होत्या. लगेच बटण बंद, प्लग बाहेर.

पॉट माझ्याकडे आणून आमच्या सॉकेटवर लावलं, तर काहीच नाही. म्हणजे दोष पॉटचा नव्हे, नानांच्या ओट्यावरच्या सॉकेटचा.

२१ जून, शनिवार

वायरमन आले. सॉकेट उघडल्यावर दिसलं की तिसऱ्या, मोठ्या पिनेच्या भोकामागे अर्थिंगची वायरच जोडलेली नाही, म्हणजे गळलेला करंट जमिनीत जायला वाटच नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची इमारत, आणि ओट्यावरच्या या सॉकेटवर आजवर फक्त मिक्सर चालला. मिक्सरला प्लॅस्टिकचं अंग असतं, म्हणून कुणाला कळलं नाही. स्टीलच्या पॉटने ते उघड केलं.

मीटरपासून अर्थिंग ओढून घेतलं, ओट्यावर नवीन सॉकेट बसवलं आणि मेन बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच लावला. करंट कुठे गळायला लागला, माणसाच्या अंगातून जरी, तरी हा स्विच क्षणात सप्लाय तोडतो. सगळं मिळून ₹३,४००. पॉटच्या तिप्पट खर्च वायरिंगवर झाला, पण हा खर्च सगळ्यात आधी करायचा, भाजी नंतर. जुन्या घरात स्टीलचं कुठलंही विजेचं भांडं नेण्याआधी वायरमनला अर्थिंग मीटरने तपासायला सांगा. नुसता टेस्टर लावून अर्थिंग कळत नाही.

लोडची मात्र काळजी नव्हती. ६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला अडीच-पावणेतीन अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं.

२२ जून, रविवार

दुधी. पाव किलो, साल काढून बारीक फोडी. चमचाभर तेल, मोहरी, जिरं, मग फोडी, झाकण, बटण पूर्ण पुढे. पाणी घातलं नाही, कारण दुधीला स्वतःचं पाणी सुटतं असं आम्ही दोघंही धरून चाललो. काही मिनिटांत पॉटवरचा लाल दिवा गेला. परत लागला. परत गेला. उघडून पाहिलं तर मधल्या फोडींना काळा डाग, कडेच्या फोडी कच्च्या.

मग मी स्टूल ओढून पॉटसमोर बसले आणि नुसतं पाणी, नुसती भाजी, भाजी अधिक पाणी असं करत दिव्याकडे बघत राहिले. तळाखाली तापमानावर चालणारा स्विच असतो. तळाशी पाणी असेपर्यंत तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि दिवा लागलेला राहतो. पाणी आटलं की तळ एकदम तापतो आणि स्विच सप्लाय तोडतो. म्हणजे दिवा गेला की समजायचं, भाजीखालचं पाणी संपलं. भाजी झाली की नाही ते तो सांगत नाही.

दुधीला पाणी सुटतं हे खरं, पण ते सुटायला फोडी आधी गरम व्हाव्या लागतात, आणि या पॉटचा तळ त्याआधीच तापून बसतो. गॅसवर आपण आच कमी करून तो वेळ काढतो. इथे सुरुवातीला थोडं पाणी घालून तो वेळ विकत घ्यायचा. संध्याकाळी तसं केलं: अर्धी वाटी पाणी, मीठ आधीच, झाकण. पंधराव्या मिनिटाला दुधी बोटाने दाबला जाईल असा झाला.

२५ जून, बुधवार

फोडणी. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

पॉटच्या तळाला मधे किंचित उंचवटा आहे. दोन चमचे तेल घातलं की ते कडेला पळतं आणि मधला भाग कोरडा राहतो. कोरडा भाग तापला की स्विच तुटतो, आणि कडेच्या तेलातली मोहरी तशीच बसून राहते. पॉट तिरकं धरून तेल एका बाजूला गोळा केलं की मोहरी तडतडते, पण ७८ वर्षांच्या माणसाला गरम तेलाचं भांडं तिरकं धरायला मी सांगणार नाही. तेल वाढवलं तर मोहरी फुटते, पण मग डब्यातल्या भाजीत आणि या भाजीत फरक काय राहिला?

नानांनीच वाट काढली. "तुझी आजी दह्यातल्या काकडीला वरून फोडणी घालायची. भाजीला का नाही?" तेव्हापासून मी माझ्या गॅसवर आठवड्याची फोडणी करून स्टीलच्या छोट्या डबीत देते: तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. नाना भाजी पाण्यावर शिजवतात, पाणी आटत आलं की वरून एक चमचा फोडणी घालतात, हलवतात आणि झाकण ठेवतात. हिंगाचा वास सुरुवातीच्या फोडणीपेक्षा जास्त टिकतो, हे मला अपेक्षित नव्हतं.

या डबीत लसूण, कढीपत्ता, मिरची घालत नाही. ओली वस्तू तेलात बुडवून बाहेर ठेवली की तिच्यात घातक जंतू वाढू शकतात, आणि लसणाच्या बाबतीत तर हा धोका चांगलाच माहीत आहे. कोरड्या जिनसांची फोडणी आणि ओला नसलेला चमचा. डबी तरीही फ्रीजमध्येच राहते.

२९ जून, रविवार

स्टीलचं पॉट अरुंद आणि खोल. भाजी थरावर थर बसते, खालची गाळ होते आणि वरची करकरीत. ढवळायचं तर हात वाफेत जातो. दुसरं घेतलं: पसरट, आतून नॉनस्टिक, क्षमता तीच दीड लिटर, वॅट तेच ६००, बटण फिरवायचंच. ₹१,८९०. स्टीलचं आता कणसं, रताळी आणि शेंगा वाफवायला ठेवलं आहे.

पसरट भांड्यात एकट्या माणसाची पाव किलो भाजी एका थरात बसते. माझ्या मते वॅटपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. नॉनस्टिक असल्याने स्टीलचा पलिता बंद, लाकडी उलथनं ₹८०. रिकामं तापवायचं नाही, म्हणून नानांना क्रम सांगितला: आधी पाणी, मग भाजी, मग झाकण, शेवटी बटण.

बटणावर छापलेलं इंग्रजी त्यांना दिसत नाही. नेलपॉलिशचे ठिपके दिले: बटण बंद असतं तिथे पांढरा, पूर्ण आचेला लाल. मंद आचेला काहीच नाही. मंद आच आम्ही वापरतच नाही. वाल, पावटा, राजमा यांसाठी तर मुळीच नको. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते भिजवून, पाणी बदलून, चांगलं खळखळ उकळल्यावरच नष्ट होतं. मंद आचेवर दाणा मऊ दिसला तरी ते राहू शकतं. राजमा आणि छोले माझ्या घरच्या कुकरमधून जातात.

४ जुलै, शुक्रवार, कांदेनवमी

नाना चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं खात नाहीत, म्हणून परवाच्या एकादशीआधी कांद्याची भाजी हवीच. नाशिकला राहून कांदेनवमी चुकवणं शक्य नाही. कांदा उन्हाळ, लासलगावकडचा, कांदाचाळीत साठवलेला, साल सुटलेला, हातात घट्ट.

दोन मोठे कांदे, चिरल्यावर साधारण २०० ग्रॅम. तांबूस व्हायचं नाव नाही. कारण सोपं आहे: कांद्यात दहात नऊ भाग पाणीच असतं. ते पाणी उडाल्याशिवाय कांदा परतला जात नाही, आणि ६०० वॅटची सगळी उष्णता पाणी उडवायलाच लागली तरी मिनिटाला फार तर १६ ग्रॅम पाणी उडतं. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी, कारण उष्णता भांड्याच्या अंगातून बाहेरही जाते. घाई करायची सोय नाही. झाकण काढून, निम्मा निम्मा कांदा असा केला, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत गुलाबीसर सोनेरी झाला. गॅसवरचा तपकिरी रंग आला नाही. हिवाळ्यातला लाल कांदा याहून ओला असतो, तेव्हा आणखी वेळ लागेल.

त्यात बेसन भुरभुरवून झुणक्यासारखं केलं. नानांनी भाकरीबरोबर मनापासून खाल्लं. ज्यांच्याकडे रोज कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतं त्यांनी ते गॅसवर भाजून, वाटून, फ्रीजरमध्ये वड्या करून ठेवाव्यात. या पॉटमध्ये वाटण भाजत बसू नये.

९ जुलै, बुधवार

आज मी हादरले. दुपारी फोन केला, नाना म्हणाले, "भाजी झाली, दिवा गेला, जेवलो." संध्याकाळी गेले तर पॉटला हात लावताच चटका. बटण लाल ठिपक्यावरच. पॉट दुपारपासून तापत, तुटत, निवत आणि पुन्हा तापत होतं. तळाशी उरलेली डांगराची फोड कोळसा झाली होती.

खोक्यावर ठळक छापलं आहे की पाणी संपलं की आपोआप बंद होतं. बंद होतं, पण निवल्यावर पुन्हा चालू होतं. हे वाक्य खोक्यावर नाही. एकट्या वयस्कर माणसासाठी हाच सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून ज्यांना बाकी काही वाचायचं नसेल त्यांनी एवढं वाचावं. तापमानाचा स्विच भांड्याला वाचवतो. घराला वाचवायला टायमर लागतो.

सॉकेटमध्ये बसणारा चावीचा टायमर आणला, ₹५४०. यात प्लग खोचायचा आणि चकती फिरवायची. वेळ संपली की सप्लाय तुटतो आणि पुन्हा चकती फिरवल्याशिवाय येत नाही. विजेवर फिरणारे टायमरही मिळतात, पण ते लाइट गेली की थांबतात आणि आली की तिथून पुढे चालतात. चावीचा टायमर लाइट असो नसो, फिरतच राहतो. टायमर घेताना तो किती अँपिअरचा आहे हे पाहा. पॉटला लागणाऱ्या करंटपेक्षा बराच जास्त हवा. आणि पॉट फिरवायच्या बटणाचंच हवं. दाबायची बटणं असलेल्यांपैकी बरीच सप्लाय आल्यावर आपली आपण सुरू होत नाहीत, त्यामुळे टायमर लावूनही दर वेळी दुसरं बटण दाबावं लागतं.

आता नानांना पॉटचं बटण हलवायचंच नाही. ते कायम लाल ठिपक्यावर. त्यांनी फक्त भाजी आणि पाणी घालून चकती फिरवायची.

१३ जुलै, रविवार

गवार. शेजारच्या मावशींनी नाशिकजवळच्या गिरणाऱ्याचे टोमॅटो दिले होते, ताजे आणि आंबट. गवार आणि टोमॅटो एकत्र घातले. टायमर पुन्हा पुन्हा फिरवूनही गवार चामड्यासारखी. पाणी घालत राहिले, ती फुगत राहिली, मऊ होईना.

आंबटात भाजी लवकर शिजत नाही. भाजीच्या पेशी ज्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटून असतात तो आंबट पाण्यात सहज विरघळत नाही. कुकरमध्ये दाबाखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे हे खपून जातं. इथे नाशिकची समुद्रसपाटीपासूनची उंची सहाशे मीटरच्या आसपास, पाणी ९८ अंशांच्या आगेमागे उकळतं, त्याच्यावर जाणं नाही. पुढच्या वेळी गवार नुसत्या पाण्यात आणि मिठात पंचवीस मिनिटं, मऊ झाल्यावरच टोमॅटो, मग दाण्याचा कूट आणि फोडणी. कवळीने चावली. चिंच, आमसूल, दही, आंबटचुका, सगळ्यांना हाच नियम: भाजी दाबून पाहायची आणि मगच आंबट घालायचं.

सोडा घालून गवार लवकर शिजते, पण बुळबुळीत लागते. आम्ही घालत नाही.

२० जुलै, रविवार

आता भाज्यांचे स्वभाव कळायला लागले आहेत. सगळं पाव किलोच्या मापाने, पसरट पॉट, पूर्ण आच.

गिलके चिरून मीठ चोळून पाच मिनिटं ताटात ठेवायचे. पाणी सुटतं, त्या पाण्यासकट पॉटमध्ये टाकायचे, वरून एक थेंब नको. बारा मिनिटं. दोडक्याला दोन-तीन चमचे पाणी लागतं. डांगराला अर्धी वाटी, तेवढीच बारा मिनिटं, आणि ते ढवळायचं नाही, नाहीतर पिठलं होतं. बटाट्याच्या फोडी नखाएवढ्या केल्या तर अर्ध्या वाटी पाण्यात पंधरा मिनिटं. मोठ्या ठेवल्या तर अर्धा तासही पुरत नाही. फ्लॉवर पाण्यात टाकण्याऐवजी जाळीवर आठ मिनिटं वाफवून मग फोडणीत घालणं मला आवडलं. वास कमी येतो आणि तुरे फुटत नाहीत.

पालेभाजीत जागेची अडचण. मेथीची जुडी चिरून मावत नाही. निम्मी घालायची, दोन मिनिटांत ती बसते, मग उरलेली. झाकण नको, नाहीतर रंग काळपटतो. धुतलेल्या पानांना लागलेलं पाणी पुरतं.

भेंडी इथे होत नाही, हे स्पष्ट सांगते. झाकण ठेवलं की तार सुटते, झाकण काढलं की दिवा जातो. कोरड्या फडक्याने पुसली, चिरून वाळवली, आमसूल घातलं, तरी कोरडी परतलेली भेंडी जमली नाही. ताकातली भेंडी मात्र छान होते, कारण तिथे तार चालते. नानांना तीच आवडायला लागली आहे.

एक सवय उपयोगी पडली. टायमर संपला की लगेच उघडायचं नाही. झाकणावर दुमडलेलं फडकं ठेवून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. भाजी त्या वाफेवर पुढे शिजते. पाण्याचं माप चुकलं असेल तर तेही बरंचसं भरून निघतं. टायमरने सप्लाय तोडलेला असतो, म्हणून फडकं चालतं. चालू असताना ठेवायचं नाही.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

दिवसभर उपास, संध्याकाळी जेवण. नानांनी मी नसताना मोड आलेली मटकी लावली. अर्ध्यात लाइट गेली. टायमर फिरत राहिला आणि संपला. पाऊण तासाने लाइट आली तेव्हा पॉट थंडच राहिलं. नानांनी पुन्हा पंधरा मिनिटं लावली आणि मटकी खाल्ली. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला किती हलकं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. पॉटच्या खोक्यावर छापलेलं "आपोआप बंद होतं" आणि हा टायमर, यात हाच फरक आहे.

अर्धवट शिजलेलं अन्न लाइटची वाट पाहत तासन्‌तास कोमट ठेवू नये. तासाभरात लाइट आली नाही तर माझ्याकडे फोन करायचा असं ठरलं आहे.

(नंतरची भर) तीन ऑगस्टला पॉट नळाखाली धरलं गेलं आणि वायर खोचायच्या तोंडात पाणी शिरलं. दोन दिवस उन्हात आणि पंख्याखाली उलटं ठेवलं, मग लावलं. चाललं. आता त्या तोंडाला बाटलीचं रबरी बूच बसवलं आहे, धुण्याआधी ते लावायचं.

१० ऑगस्ट, रविवार

ऋषिपंचमीची भाजी याच पॉटमध्ये करायची असं नानांनी ठरवलं आहे, म्हणून अळूची आधी तालीम. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. आंबट आणि भरपूर शिजवणं, दोन्ही लागतं. पण आंबट आधी घातलं तर अळू शिजायला वेळ घेणार, हे गवारीने शिकवलेलं.

देठं सोलून, पानं बारीक चिरून, हाताला तेल लावून. नुसत्या पाण्यात पंचवीस मिनिटं, घोटून, मग चिंचेचा कोळ, पुन्हा पंधरा मिनिटं. चिंच घालण्याआधी जिभेवर थोडं ठेवून पाहिलं, लगेच बोचलं. चिंचेसकट शिजल्यावर काही नाही. नानांना वाढण्याआधी मी वाटीभर खाऊन अर्धा तास थांबले.

२८ ऑगस्ट, गुरुवार, ऋषिपंचमी

बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या, आपोआप आलेल्या भाज्या. आमच्याकडे अळू, लाल माठ, डांगर, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, कणीस, ओले शेंगदाणे. तेल नाही, फोडणी नाही. मिरची, मीठ, चिंच, ओलं खोबरं. ही भाजी जणू या पॉटसाठीच आहे, कारण ज्यात हे पॉट कमी पडतं ते परतणं इथे लागतच नाही.

दीड लिटरमध्ये सगळं एकदम मावत नाही. सकाळी स्टीलच्या पॉटमध्ये कणसाचे तुकडे, शेंगदाणे आणि सुरण वाफवून घेतले. सुरणही अळूसारखं खाजतं, म्हणून चिंचेच्या पाण्यातून काढलं. पसरट पॉटमध्ये अळू आणि देठं, पंचवीस मिनिटं. मग डांगर आणि पडवळ, दहा मिनिटं. मग दोडका, माठ, भेंडी आणि वाफवलेलं सगळं. नाना चकती फिरवत होते, मी चिरत होते. काठोकाठ भरल्यावर झाकणाच्या भोकातून हिरवं पाणी उसळून ओट्यावर आलं, म्हणून निम्मी भाजी काढून दोन खेपांत केली. शेवटी चिंच, मिरची, खोबरं.

नानांनी डावाने भाजी ढवळली, डांगराची फोड काठावर दाबून पाहिली, ती सहज फुटली. "आईच्या हातची लागते," म्हणाले, आणि शेजारी देण्यासाठी वाट्या काढल्या. मावशींनी दुसऱ्यांदा मागितली.

१४ सप्टेंबर, रविवार

खर्च: दोन पॉट ₹३,०४०, वायरिंग ₹३,४००, टायमर ₹५४०, उलथनं ₹८०. एकूण ₹७,०६०. पहिलंच पॉट पसरट घेतलं असतं तर ₹१,१५० वाचले असते, पण स्टीलचं वाफवायला रोज लागतं, म्हणून मला ते फुकट गेलं असं वाटत नाही. वीज: ६०० वॅट वीस मिनिटं म्हणजे ०.२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी एका भाजीला दोन रुपये.

जमलेलं नाही ते: कोरडी भेंडी, कांद्याचा तपकिरी रंग, काचऱ्यांचा खरपूसपणा. चातुर्मास संपल्यावर भरलं वांगं करून पाहायचं आहे. छोटी वांगी, वाटीभर पाणी, मसाला माझ्याकडे भाजलेला. भरीत इथे होणार नाही, ते मी भाजून नेईन.

नानांचं वजन डबा चालू असताना उतरलं होतं, ते पुन्हा भरतं आहे. टायमरची चकती थोडी घट्ट झाली आहे. उद्या दुकानात दाखवते, आणि एक दुसरा आणून कपाटात ठेवते.